पाणी, पेज, दारू, जुलाब: रोजच्या द्रवांना ही नावं मिळाली कशी?

विचारलं आहे ते थोडक्यात असं. पाणी, दूध, तेल, दारू, शाई अशी रोजच्या पातळ पदार्थांची नावं आली कुठून? ती सगळी संस्कृतातली आहेत का? आणि 'जल' हा शुद्ध शब्द असताना आपण 'पाणी' हा बिघडलेला शब्द का वापरतो?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण त्यात एक गैरसमज आहे. शब्दकोशाच्या कामात उभी हयात गेली आणि हा गैरसमज चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही सतत ऐकत आलो. 'पाणी' हा बिघडलेला शब्द नाही. संस्कृतात 'पा' म्हणजे पिणे. त्यावरून 'पानीय', म्हणजे पिण्याजोगं. प्राकृतात, म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या काळातल्या लोकभाषांत, ते 'पाणीअ' किंवा 'पाणिअ' झालं आणि मराठीत 'पाणी'. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात पाण्याच्या नावांची यादी आहे. तिच्यात जल, सलिल, तोय, उदक यांच्या पंगतीला 'पानीय' बसलेला आहे. त्याच यादीत 'क्षीर' आणि 'पय' हे शब्दही आहेत, जे आपण दुधासाठी राखून ठेवले.

लोकांच्या तोंडी हा शब्द किती जुना आहे ते सह्याद्रीतल्या लेण्यांत दिसतं. कान्हेरीसारख्या ठिकाणच्या ब्राह्मी लेखांत अमक्याने लेणं आणि 'पोढी' दान दिली असे उल्लेख येतात. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. काही ठिकाणी सरळ 'पानियपोढी' असं आहे. हे लेख जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. दुसरा पुरावा भारताबाहेरचा. युरोपातले रोमा लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी इथून गेले आणि त्यांच्या बोलीत पाण्याला आजही 'पानी' म्हणतात. तेव्हा 'जल' लिहिलं की भाषा शुद्ध झाली आणि 'पाणी' लिहिलं की घसरली, हा हिशेब सोडून द्यावा. 'जल' पोथीतून आलं आणि 'पाणी' तोंडातून, एवढाच फरक आहे.

'पाणी' या नावात पाण्याच्या रूपाबद्दल, रंगाबद्दल काहीच नाही. माणूस त्याचं काय करतो तेवढंच त्यात आहे. मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. द्रवाला स्वतःचा आकार नसतो, म्हणून नाव बहुतेक वेळा दुसरीकडून येतं. कधी आपण त्याचं काय करतो त्यावरून, कधी ते कशातून काढलं त्यावरून. पुढे पदार्थ बदलतो आणि नाव तसंच राहतं.

याच 'पा' धातूवरून संस्कृतात 'पेया' झालं. अर्थ तोच, पिण्याची. प्राकृतात 'पेज्जा' आणि मराठीत 'पेज'. कोकणात उकड्या तांदळाची पेज सकाळी पुढ्यात येते ती पाण्याची सख्खी बहीण आहे. 'पाणपोई'तली 'पोई' मात्र 'प्रपा' या शब्दावरून आली. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात त्याने नदीच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा बांधल्याचं कोरलेलं आहे. उन्हाळ्यात चौकात रांजण मांडायची रीत आणि तिचं नाव दोन्ही इतकी जुनी आहेत.

मग गोव्यात 'उदक' का? कोकणीत पाण्याचा रोजचा शब्द उदक हाच आहे. जुन्या मराठीतही तो सहज चालायचा, ज्ञानेश्वरीत आहे. आपल्याकडे तो हळूहळू देवघरापुरता उरला आणि 'उदक सोडणे' या वाक्प्रचारात अडकून बसला. वंशावळीने पाहिलं तर तो पाणी या शब्दापेक्षा कितीतरी थोर आहे. ग्रीक 'हुदोर', रशियन 'वदा', इंग्रजी 'वॉटर' हे सगळे त्याचे भाऊबंद. 'हायड्रोजन'मधला 'हायड्रो' त्या ग्रीक शब्दातूनच आला.

संस्कृतात पाण्याचा आणखी एक फार जुना शब्द 'अप्'. तो आपण थेट वापरत नाही. पण त्याचा इराणी भाऊ 'आब' फारसीतून आला आणि मराठीत चांगला स्थिरावला. पंजाब म्हणजे पाच पाण्यांचा मुलूख हे बहुतेकांना माहीत असतं. 'आबरू'कडे सहसा कोणी त्या नजरेने पाहत नाही. 'रू' म्हणजे चेहरा, तेव्हा आबरू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. मोत्याला पाणी असतं, तलवारीला पाणी असतं असं आपणही म्हणतो. फारसीत 'आबदार', मराठीत 'पाणीदार', विचार एकच. 'आबकारी' हाही त्यातलाच. दारू गाळणारा तो 'आबकार', आणि त्याच्या धंद्यावरचा कर ती आबकारी. ब्रिटिशांनी १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी कायदा केला त्याचं नावही आबकारी कायदा असंच होतं.

'गुलाब' तर ऐकण्यासारखा आहे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, विशेषतः गुलाबाचं. 'गुलाब' म्हणजे त्या फुलाचं पाणी. आपण पाण्याचं नाव फुलाला देऊन टाकलं, मग त्या पाण्यासाठी नाव उरलं नाही, म्हणून 'गुलाबपाणी' म्हणू लागलो. पाणी दोनदा आलं. मूळ अर्थ टिकून राहिला तो एका भांड्याच्या नावात. लग्नात पाहुण्यांवर शिंपडतात त्या 'गुलाबदाणी'त फुलं नसतात, गुलाबपाणी असतं.

हाच 'गुलाब' अरबीत जाऊन 'जुलाब' झाला, कारण अरबीत 'ग' नाही. तिथे त्याचा अर्थ गोड केलेलं गुलाबपाणी, मग वैद्याने द्यायचं कोणतंही गोड पेय. हकिमांनी त्यातून रेचक द्यायला सुरुवात केली आणि आपल्याकडे रेचकालाच जुलाब म्हणू लागले. पुढे 'जुलाब घेणे'चं 'जुलाब होणे' झालं, म्हणजे औषधाचं नाव त्याच्या परिणामाला चिकटलं. इंग्रजीत तोच शब्द 'जुलेप' होऊन एका थंड गोड पेयाचं नाव झाला. मूळ एक, आणि एकीकडे हॉटेलातला पेला तर दुसरीकडे पोट बिघडणं.

आता दुधाकडे येऊ. इथे एक साधा नियम सांगतो. तो लक्षात ठेवलात तर निम्म्या घरगुती शब्दांचं मूळ स्वतः शोधता येईल. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात एकाच व्यंजनाचं दुहेरी होतं. मराठीत त्या दोहोंतलं एक गळतं आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. तसंच दुग्ध, दुद्ध, दूध. तक्र, तक्क, ताक. घर्म, घम्म, घाम. 'दुग्ध' म्हणजे 'दोहलेलं', गायीच्या आचळातून काढलेलं. पुन्हा तेच, वस्तूचं वर्णन नाही, क्रियेचं आहे. 'दुभती' गाय त्याच धातूची. 'दुह्यते'चं प्राकृतात 'दुब्भइ' झालं आणि त्यावरून आपलं 'दुभणे'. कढी आणि काढा हेही क्रियेचेच शब्द, 'क्वथ्' म्हणजे उकळणे यावरून आलेले. ताकाचा उकळून झालेला पदार्थ जेवणात गेला आणि तुळस-आल्याचा औषधात.

तुपापाशी मात्र थांबायला हवं, कारण सगळंच संस्कृतातलं का या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. संस्कृत 'घृत'. त्यावरून हिंदीत 'घी', गुजरातीत 'घी'. मराठीत 'तूप'. घृतापासून काहीही केलं तरी तूप निघत नाही. हेमचंद्र या जैन पंडिताने बाराव्या शतकात संस्कृतातून न निघणाऱ्या देशी शब्दांचा संग्रह केला, त्यात 'तुप्प' आहे. आणि कानडीत तुपाला आजही 'तुप्प'च म्हणतात. तुप्पाचं तूप झालं ते वरच्या नियमाने, अगदी बिनचूक. म्हणजे रोज वरणभातावर पडणारा हा पदार्थ आपण उत्तरेच्या नावाने ओळखत नाही, कृष्णेपलीकडच्या शेजाऱ्यांशी वाटून घेतलेल्या नावाने ओळखतो. उसाच्या रसाची 'काकवी'ही तशीच, कानडीत ती 'काकंबी'. गुऱ्हाळ आणि दूधदुभतं यांत मराठी-कानडीची देवघेव किती खोल आहे ते या दोन शब्दांवरून कळतं. भाषेच्या कुळाची आखणी करताना लोक फक्त व्याकरण पाहतात. स्वयंपाकघरही पाहावं असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

'साजूक तूप' म्हणताना आपण त्याचा अर्थ 'शुद्ध' असा घेतो. 'साजूक' हा 'सद्यस्क'वरून आला आहे, म्हणजे आत्ताचं, ताजं. 'अद्य'चं आज आणि 'विद्युत्'ची वीज झाली तसाच इथे 'द्य'चा 'ज' झाला.

तेलाची गोष्ट बऱ्याच जणांना अर्धीच माहीत असते. 'तिल' म्हणजे तीळ, 'तैल' म्हणजे तिळाचं. तेव्हा 'शेंगदाण्याचं तेल' या शब्दांचा मुळाबरहुकूम अर्थ शेंगदाण्याचं तिळाचं. पण गंमत अशी की जगात इतर ठिकाणीही हेच घडलं. ग्रीकांकडे तीळ नव्हे, ऑलिव्ह मुख्य. त्यांचा 'एलाइओन' म्हणजे ऑलिव्हचं तेल. तो लॅटिनमध्ये 'ओलेउम' झाला आणि इंग्रजीत 'ऑइल'. तमिळमध्ये तेलाला 'एण्णेय्' म्हणतात. तो 'एळ्' म्हणजे तीळ आणि 'नेय्' म्हणजे तूप यांचा जोड, तिळाचं तूप. तीन वेगवेगळ्या भाषा, तिन्हींनी आपापल्या भागातल्या मुख्य बीला किंवा फळाला मान दिला आणि मग तेच नाव सगळ्या तेलांना लावलं.

मराठीने त्या 'तेल'चा शेवटचा तुकडा प्रत्ययासारखा वापरला. खोबरेल, एरंडेल. एकोणिसाव्या शतकात दिव्यासाठी खनिज तेल आलं तेव्हा इंग्रजी 'रॉक ऑइल'चं 'रॉकेल' झालं आणि ते या पंगतीत इतकं चपखल बसलं की परकं वाटतच नाही. 'पेट्रोलियम'चाही अर्थ दगडाचं तेल असाच, लॅटिनमधला. 'घासलेट' हा 'गॅसलाइट'चा मराठी उच्चार. दिव्याचं नाव त्यात जळणाऱ्या तेलाला मिळालं. आणि 'केरोसिन' हे नाव अब्राहम गेसनर यांनी १८५४ च्या सुमारास 'मेण' या अर्थाच्या ग्रीक 'केरोस' शब्दावरून घडवलं. रेशनच्या रांगेत या तिन्ही नावांनी एकच डबा भरला जायचा.

आता दारू. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. बस्स, एवढंच. आजच्या इराणमध्ये 'दारूखाना' म्हणजे औषधांचं दुकान. मराठीत मूळ अर्थ एका जोडशब्दात जसाच्या तसा सापडतो, 'दवादारू'. 'दवा' अरबी, 'दारू' फारसी, दोन्हींचा अर्थ औषध. 'आजाऱ्याची दवादारू केली' यातली दारू प्यायची नाही, निदान त्या अर्थाने नाही. औषध म्हणून दिलं जाणारं कडक पेय पुढे नुसतंच 'दारू' झालं.

पण मराठीत दारूचा तिसरा अर्थही आहे आणि तो हिंदीत सहसा नाही. बंदुकीची दारू, दारूगोळा, शोभेची दारू. हिंदीत यासाठी 'बारूद' म्हणतात. कुटून, प्रमाणात मिसळून केलेली पूड, म्हणून तीही दारूच. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूला 'हुओयाओ' म्हणतात, त्याचा अर्थ 'अग्नी-औषध'. तिथेही औषध आणि स्फोटक एकाच नावाखाली आले. मुंबईत रे रोडजवळ दारूखाना नावाचा भाग आहे, जुनी जहाजं तोडण्यासाठी ओळखला जाणारा. तिथे ना औषधं विकली जायची ना मद्य. बंदुकीच्या दारूच्या कोठारावरून ते नाव पडलं. एकाच 'दारूखाना' या पाटीखाली इराणात गोळ्या मिळतात आणि मुंबईत लोखंड.

अरबी 'अरक' म्हणजे घाम. भट्टीवर चढवलेल्या भांड्यातून वाफ वर जाते, गार होते आणि नळीच्या टोकाशी थेंब थेंब जमते. ते पाहून अरबांनी गाळून काढलेल्या द्रवाला घामाचं नाव दिलं. आपला 'अर्क' तोच. संस्कृतात सूर्याला आणि रुईच्या झाडाला अर्क म्हणतात, त्याचा या अर्काशी संबंध नाही, उच्चार फक्त जुळला. गोव्यात हा शब्द दुसऱ्या रूपाने भेटतो. काजूची बोंडं तुडवून रस काढतात. आपोआप निथळतो तो पातळ, गोड 'निरो', म्हणजे संस्कृत नीर. रस आंबवून भट्टीवर पहिल्यांदा उतरवतात तो 'उर्राक', म्हणजे हाच अरबी अरक. पुन्हा गाळून काढली की 'फेणी', म्हणजे फेन, फेस. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. म्हणजे एका भट्टीवर अमेरिकेचं झाड, संस्कृत निरो, अरबी उर्राक आणि पुन्हा संस्कृताकडची फेणी. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

घामाचा विषय निघालाच आहे तर आपल्या घामाचंही सांगतो. संस्कृतात घामाला 'स्वेद' म्हणतात, आणि इंग्रजी 'स्वेट' त्याचा भाऊ. मराठीने तो शब्द बोलण्यातून टाकला आणि 'घर्म' घेतला. घर्म म्हणजे उष्णता, ऊन. हिंदीच्या पूर्वेकडच्या बोलींत 'घाम' म्हणजे आजही ऊन. तिकडचा माणूस 'घामात बसलो' म्हणाला तर तो थंडीत उन्हाला बसलेला असतो. आपण उन्हाचं नाव उन्हामुळे येणाऱ्या पाण्याला दिलं. फारसीतून आलेला 'गरम' त्याच मुळाचा, आणि ग्रीक 'थर्मोस'ही. थर्मामीटर, थर्मास आणि घाम हे एका घरचे आहेत हे सांगितलं की वर्गात मुलं चमकतात.

सरबत, सिरप आणि शराब यांचं मूळही एकच. अरबी 'श-र-ब', पिणे. पाणी आणि पेज यांच्यासारखीच ही भावंडं, फक्त अरबी घरातली. शाई म्हणजे फारसी 'सियाही', काळेपणा. म्हणून 'लाल शाई' हा शब्द फारसी जाणणाऱ्याच्या कानाला अडखळतो, आपल्याला नाही. 'रक्त' म्हणजे रंगलेलं, लाल. 'रंग'चाच धातू.

एक शब्द मला इथे नक्की सांगायचा आहे, कारण गेल्या काही वर्षांत तो घराघरांत पोचला. 'लस'. जखमेतून किंवा फोडातून पाझरणारा पातळ, चिकट द्रव म्हणजे लस. संस्कृत 'लसीका'. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, हाच तिचा घरगुती अर्थ. मग लसीकरणाला हे नाव का? १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवी, म्हणजे देवीच्या रोगापासून वाचवणारी गायीची देवी, टोचली गेली. भारतातली ती पहिली यशस्वी टोचणी. बर्फ नव्हता, शीतपेट्या नव्हत्या. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातली लस काढून दुसऱ्याच्या दंडावर टोचायची, त्याच्यावरून तिसऱ्याच्या. इराकमधल्या बसऱ्याहून मुंबईला ती अशीच माणसांच्या अंगावरून आली आणि मुंबईहून पुढे देशभर तशीच गेली. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं तेच नाव दिलं. आज बाटलीत फोडातलं काही नसतं. पोलिओचे थेंब तर तोंडात टाकतात. तरी नाव 'लस'च आहे, आणि ते बदलायची काही गरज नाही. त्या नावात त्या मुलांच्या दंडांचा इतिहास आहे.

आता स्वतः शोधू पाहणाऱ्यांसाठी थोडं. नुसता आवाज जुळला म्हणून मूळ ठरवू नका. 'पान्हा' हा पाण्यावरून आला असं सर्रास सांगतात. तो 'प्रस्नव'वरून आला, म्हणजे पाझरणं, प्राकृतात 'पण्हअ'. 'पाणिग्रहणा'तला पाणि म्हणजे हात. 'अब्दागिरी'त 'आब' शोधू नका, तो 'आफताब' म्हणजे सूर्य आहे, उन्हाची छत्री ती. शब्द समोर आला की तीन गोष्टी तपासा. ध्वनी नियमाने बदललेत का, दूध-ताक-घामाच्या नियमासारखे. अर्थ एका टप्प्यावरून दुसऱ्यावर कसा गेला ते पायरीपायरीने दाखवता येतं का, जुलाबासारखं. आणि शेजारच्या भाषांत तो शब्द आहे का, तुपासारखा. घरात मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती असेल तर आधी ती उघडा, कारण तिच्यात शब्दांचे तेव्हाचे अर्थ आहेत, आजचे नाहीत. मुळासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश पाहा, आणि इंग्रजी वाचत असाल तर टर्नर यांचा इंडो-आर्यन भाषांचा तुलनात्मक कोश. फारसी-अरबी शब्द त्यांत कमी सापडतील, त्यासाठी फारसीचा कोश वेगळा लागतो.